छपरावरचं गवत

"छपरावर एवढं गवत माजलंय, काढत का नाहीत?" व्हायकिंग्सहोम या नॉर्वे-स्वीडन धाटणीच्या अमेरिकेतल्या घराच्या अंगणात आज कानावर पडलेला प्रश्न. तो काही डोक्यातून जाईना.

अहो, ते मुद्दाम लावलंय! नॉर्वे-स्वीडनच्या जुन्या घरांत फळ्यांवर बर्चच्या सालीचे थर घालतात. पाणी अडवते ती साल. वरची गवताची माती तिला दाबून धरते आणि घर उबदार ठेवते. गवत काढलं तर छप्परच गेलं.

कॅलिफोर्नियात, लेक टाहोच्या एमराल्ड बेवर, 1929 साली लोरा नाइट यांनी हे 38 खोल्यांचं व्हायकिंग्सहोम बांधून घेतलं. आर्किटेक्ट लेनार्ट पाल्मे, त्यांच्या नात्यातलेच, स्वीडिश. मोठी झाडं न तोडता बांधकाम उभं राहिलं. काही पुरातन फर्निचर नॉर्वे-स्वीडनकडच्या सरकारांनी देशाबाहेर जाऊ दिलं नाही, तेव्हा बाईंनी मापं घेऊन हुबेहूब नकला करवल्या. लाकडाचा जुनाटपणासुद्धा नकलेत उतरवला! हौस म्हणावी की हट्ट?

जाणाऱ्यांसाठी: गाडी वर हायवेलाच राहते. खाली दीड किलोमीटरची उतरण, सुमारे 400 ते 500 फूट. उतरताना मजा वाटते, पण परतीचा चढ उन्हात, तोही सहा हजार फुटांवरच्या विरळ हवेत, त्यामुळे धाप लागते. पाणी जवळ ठेवा, सकाळीच पोहोचा, कारण पार्किंग लवकर भरतं. आतून घर फक्त उन्हाळ्यात, गाइडसोबतच बघता येतं.

छप्पर मात्र बाहेरूनच, फुकट.