तुम्ही विचारलंत म्हणून: पळवाट म्हणजे चोरीच ना?

शर्यतीच्या गाड्यांची तांत्रिक तपासणी करायचो हे कळलं की लग्नाच्या पंगतीतही लोक मला हाच प्रश्न विचारतात. नियमातली पळवाट शोधून जिंकणं म्हणजे चोरीच ना?

नाही हो. चोरी वेगळी. 1995 च्या कॅटलोनिया रॅलीत टोयोटाच्या सेलिका गाड्यांत सापडली ती चोरी. इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोकडे जाणारी हवा मर्यादित ठेवणारं कडं बसवल्यावर किंचित सरकायचं आणि बाजूने जादा हवा आत जायची. तपासायला खोललं की ते परत जागच्या जागी. तपासनिसाच्या डोळ्यांत धूळ फेकायलाच तो भाग बनवला होता. संघावर वर्षभराची बंदी आली, ती योग्यच होती.

आता फॉर्म्युला वनमधल्या ब्रॅबम संघाचा 1978 चा पंखा घ्या. गाडीला रस्त्यावर दाबणारा हवेचा दाब मिळवण्यासाठी हलते भाग वापरायचे नाहीत, असा नियम होता. संघाचा डिझायनर गॉर्डन मरेने गाडीच्या मागे मोठा पंखा लावला आणि सांगितलं, हा रेडिएटर थंड करतो. करतही होता. पण तोच पंखा गाडीखालची हवा खेचून तिला रस्त्याला चिकटवत होता. मुख्य काम थंड करण्याचं म्हटल्यावर नियमाला बोट ठेवायला जागा नव्हती. स्वीडनमध्ये अँडर्स्टॉर्पला त्यांचा ड्रायव्हर निकी लाउडाने 34 सेकंदांनी शर्यत मारली. निकाल कायम राहिला, पंखा मात्र पुन्हा शर्यतीत दिसला नाही.

मग उभ्या गाडीच्या पंख्यावर कचऱ्याच्या डब्याचं झाकण का ठेवायचे? ठेवायचे, मान्य. पण प्रतिस्पर्ध्यांपासून लपवणं वेगळं आणि तपासनिसापासून लपवणं वेगळं.

हा फरक मी स्वतः विसरलो, ते सांगतो.

विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या गाड्यांची स्पर्धा होती. उभ्या गाडीत ड्रायव्हर बसलेला असताना खाली किमान 30 मिलिमीटर अंतर हवं, असा नियम. मी लाकडी ठोकळा गाडीखालून सरकवला, कुठे अडला नाही. सही करणार, तेवढ्यात संघातली एक मुलगी स्वतःहून वही घेऊन पुढे आली. प्रत्येक चाकाला एकावर एक दोन स्प्रिंगा होत्या, वरची मऊ. वेगात विंगवरचा, म्हणजे गाडीला खाली दाबणाऱ्या पंखावरचा, हवेचा दाब वाढला की मऊ स्प्रिंग पूर्ण मिटायची आणि गाडी 12 मिलिमीटर खाली बसायची. मरेनेच 1981 मध्ये, गाडीखाली किमान सहा सेंटिमीटर अंतर हवं या नियमावर, याच जातीची युक्ती केली होती, ती तिने वाचली होती. पेन्सिलची आकृती, समासात आकडेमोड, कोपऱ्यात ग्रीसच्या अंगठ्याचा ठसा. तिला वाटलं होतं, मला आवडेल.

"नियमाच्या हेतूत बसत नाही," मी म्हणालो.

"सर, पण असं लिहिलंय कुठे?"

"मी सांगतोय ना."

नियमावली मी उघडलीसुद्धा नाही. स्प्रिंगा बदलण्यात त्यांची रात्र गेली, सकाळची ब्रेकची चाचणी हुकली आणि गाडी मुख्य शर्यतीत उतरलीच नाही. ती एका टायरवर बसून हातमोजे काढत होती. मी बाजूने निघून गेलो.

पुढच्या वर्षी त्या नियमात एक शब्द वाढला: "धावतानाही". तो मीच सुचवला होता. म्हणजे आधी तो नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं.

बरीच वर्षं मी स्वतःची समजूत घालत राहिलो की प्रश्न सुरक्षिततेचा होता. एका बाजूची स्प्रिंग अडकली असती तर? शंका खरी आहे, पण त्या दिवशी ती माझ्या डोक्यात नव्हती. असती तर मी ती तिला विचारली असती, आणि तिच्या वहीत बहुधा त्याचंही उत्तर निघालं असतं. मला लागलं होतं ते एवढंच की तिने माझा ठोकळा निकामी ठरवला होता.

नियम हवा तर बदला, पण पुढच्या शर्यतीपासून. आजची गाडी आजच्या छापील ओळीवरच तपासा. हे मी आज म्हणतो. तेव्हाचा मी हे ऐकून घेणार नाही. तो विचारेल, तिला पास केलं असतं तर बाकीच्या संघांनी रातोरात तशाच स्प्रिंगा बसवल्या असत्या, तिच्यासारखा हिशेब न करता. मग त्यांना कोणत्या ओळीवर अडवलं असतंस?

यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.