आमची वाटचाल : चार मागांपासून आठ मागांपर्यंत

मी लग्न होऊन बेळगावच्या वडगावात आले तेव्हा सासऱ्यांचे चार पावरलूम, म्हणजे विजेवर चालणारे माग होते, घरातच, पुढच्या सोप्यात. मी आधी कांड्या भरायला, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायला शिकले, मग तुटलेला धागा जोडायला, मग हिशोब. सासरे गेल्यावर धंदा आम्हा नवराबायकोवर आला. साड्या विणायच्या, व्यापाऱ्याला द्यायच्या, पैसे महिन्या दीड महिन्याने यायचे, असं चाललं होतं.

२०१९ चा ऑगस्ट मात्र विसरत नाही. पाऊस थांबेना आणि एका रात्रीत घरात कमरेएवढं पाणी. सूत कट्ट्यावर चढवलं पण माग कुठे उचलणार? पाणी ओसरलं तेव्हा मोटरांत चिखल, बेअरिंगं जाम, बीमवरचं, म्हणजे मागाच्या मोठ्या रुळावर गुंडाळलेलं सूत सगळं मातीने माखलेलं. डोक्यावर सोसायटीचं कर्ज. भंगारवाला दारात येऊन किलोचा भाव सांगून गेला आणि आमच्या ह्यांनी हो म्हटलं, मी काही बोलले नाही, बोलायला ताकदच नव्हती.

त्याच दिवशी दुपारी एक वयस्कर माणूस दारात थांबला. बागलकोट जिल्ह्यातल्या रबकवीकडचा विणकर, शेजारच्या गल्लीत पाहुण्यांकडे आलेला, तिकडचे रस्ते पाण्याखाली गेल्यामुळे अडकलेला. आमचे हे मोटर चालू होते का बघायला बटणाकडे गेले तर तो ओरडलाच, “स्वल्प तडी, स्वल्प तडी! करंट दिलास तर जळतंय बघ!” म्हणजे थोडं थांब. अर्धं कन्नड, अर्धं मराठी. आणि लुंगी वर खोचून खाली बसला.

तीन दिवस होते हे अण्णा आमच्याकडे. मोटरा खोलून आधी चांगल्या पाण्याने धुतल्या, मला तर वाटलं हे काय, भिजलेल्याला परत पाणी? पण चिखल आत सुकला की वाइंडिंग, म्हणजे मोटरीतली तारेची गुंडाळी, जातंच म्हणाले. मग पत्र्याच्या डब्यात मोठे बल्ब लावून दोन दिवस ऊब दिली, बेअरिंगं रॉकेलात टाकली, मागाचा एकेक नट घासून तेल लावलं. वायरमनकडून मेगर, म्हणजे आतून करंट गळतोय का ते बघायचं यंत्र, आणून तपासल्यावरच करंट दिला. चारातल्या दोन मोटरा तशाच सुरू झाल्या, दोन रिवाइंड कराव्या लागल्या, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळावी लागली. पहिला माग खटखट करायला लागला तसं आमचे हे भिंतीला टेकून रडले.

जेवताना मी विचारलं, अण्णा तुमच्या घरचं काय? तर म्हणाले, माझे पण दोन माग पाण्यातच आहेत, तिथं हात पोचत नाही म्हणून तुमचे करतोय. मला घास गिळेना. पैसे दिले तर घेतले नाहीत, घरच्या बाईसाठी एक साडी बळेबळे पिशवीत घातली ती तेवढी नेली. बस सुरू झाल्यावर गेले. पंधरा दिवसांनी फोन आला, त्यांचा एक माग चालू झाला होता. मी सगळ्या गल्लीला सांगत सुटले.

पुढच्याच वर्षी लॉकडाऊन आला, माल पडून राहिला, पण तेव्हा माग विकायचा विषय घरात कोणी काढला नाही. अण्णा जाताना एकच सांगून गेले होते, मोटरा जमिनीवर ठेवू नका. आता आठ माग आहेत. गेल्या वर्षी शेवटचे दोन आले तेव्हा पण आधी वेल्डरकडून अडीच फुटी स्टँड करून मोटरा वर चढवल्या, मगच बीम लावला.