पडद्याचा माथा आधी, कापड नंतर

निवृत्तीनंतर आईच्या जुन्या पायमशीनला तेल घालून, नवा पट्टा बसवून ते चालते केले आणि त्याच उत्साहात घरातले सगळे पडदे आता मीच शिवणार असे जाहीर करून टाकले. पत्नीने त्यावर एवढेच विचारले, "अहो, पण वरून कसे करणार आहात? नेफा, रिंगा की प्लेट्स?" मला तो प्रश्न त्या वेळी अगदीच गौण वाटला. पडदा म्हणजे चार बाजूंनी दुमडून शिवलेले कापड, वरच्या बाजूचे काय ते शेवटी पाहता येईल, अशा समजुतीने मी खिडकीची रुंदी मोजली, रविवार पेठेत जाऊन साडेचार मीटर हातमागाचे सुती कापड घेतले आणि घरी आलो. दिवाणखान्याच्या खिडकीवरचा पाइप 80 इंचांचा आणि कापडाचा पन्हा 48 इंचांचा. दोन पन्हे शेजारी शेजारी धरले तर 96 इंच होतात, म्हणजे पाइप झाकून वर 16 इंच उरतात, असा माझा हिशेब होता. प्रत्येक पडद्याच्या दोन्ही कडा दुमडण्यात चार चार इंच गेल्यावर हाती 88 इंच राहिले आणि टाचण्या लावून ते पाइपवर धरून पाहिले, तेव्हा समोर पडदा नव्हे, तर दोरीवर वाळत घातलेली चादर दिसत होती.

पडद्याला पडदेपण येते ते चुण्यांमुळे, आणि चुण्यांना किती कापड लागणार हे पडद्याच्या माथ्यावर अवलंबून असते. हे साधे गणित मला उलट्या क्रमाने कळले. पाइपच्या लांबीच्या सव्वापट कापड लूपच्या, म्हणजे वर पाइप ओवायला कापडी पट्ट्यांचे फास असलेल्या, पडद्याला पुरते, रिंगांच्या पडद्याला दीडपट ते दुप्पट लागते, नेफ्याच्या पडद्यालाही कापड पातळ असेल तर जवळपास तेवढेच, आणि ज्याला आपल्याकडचे पडदेवाले 'अमेरिकन प्लेट' म्हणतात त्या तीन चुण्यांच्या प्लेटला दुपटीपासून अडीचपटीपर्यंत. लांबीचेही तसेच आहे. रिंगांचा पडदा पाइपच्या वर इंच-दीड इंच डोके काढतो, लूपचा पडदा पाइपच्या खाली दोन-तीन इंचांवर सुरू होतो, आणि हुकांवर टांगलेल्या प्लेट्सचा पडदा हूक कुठे टोचला त्यानुसार वर-खाली करता येतो. तेव्हा पाइप भिंतीवर बसल्याशिवाय आणि माथा ठरल्याशिवाय मोजमापाची टेप हातात घेण्यात काही अर्थ नसतो. हे मला आधी कळले असते, तर दुकानात दुसरी खेप पडली नसती. दुसऱ्या खेपेला त्याच ठाणातले कापड संपले होते आणि नव्या ठाणातली निळी छटा उन्हात धरल्यावर स्पष्टपणे वेगळी दिसत होती. म्हणून पहिले साडेचार मीटर झोपण्याच्या खोलीसाठी बाजूला ठेवले.

त्या खोलीच्या खिडकीवरचा पाइप 54 इंचांचा आहे. तिथे रिंगांचा पडदा करायचे ठरवले, कारण तो पडदा रोज सकाळी उघडायचा आणि रोज रात्री ओढायचा असतो, आणि या कामात रिंगांइतके सुटसुटीत दुसरे काही नाही. रिंगेचे आतले भोक सुमारे 40 मिलिमीटरचे, पाइप 25 मिलिमीटरचा, त्यामुळे ती एका हाताने सरकते. वरच्या दुमडीत बकरमची, म्हणजे माथा ताठ ठेवणाऱ्या कडक कापडाची, चार इंचांची पट्टी घालायची, रिंगेबरोबर मिळणारा साचा ठेवून पेन्सिलीने वर्तुळ आखायचे, ते कात्रीने कापायचे आणि दोन अर्ध्या रिंगा समोरासमोर धरून दाबायच्या. 'टक्' असा आवाज आला की रिंग बसली. शिवणकामात एवढे झटपट समाधान क्वचितच मिळते आणि त्या समाधानाच्या भरात मी प्रत्येक पडद्याला सात रिंगा ठोकल्या.

रिंगा सम संख्येत हव्यात. पाइप पहिल्या रिंगेतून समोरून मागे जातो, दुसरीतून मागून पुढे येतो, आणि असा आलटून पालटून जाताना सम संख्या असेल तरच पडद्याच्या दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. सातच्या हिशेबात एक कड भिंतीकडे गेली आणि दुसरी खोलीत नाक खुपसून उभी राहिली. दोन पडदे, दोन बाहेर आलेली नाके. कापडाला पाडलेले दीड इंचाहून मोठे भोक उसवता येत नाही, ही रिंगांच्या पडद्यातली खरी मेख आहे, कारण बाकी कोणत्याही प्रकारात चुकलेली टीप उसवून पुन्हा मारता येते. शेवटी वरची चार इंचांची अख्खी पट्टी कापून टाकली, मागच्या बाजूने मांजरपाटाची वेगळी पट्टी आणि नवे बकरम लावले, आणि या वेळी कडेपासून दोन दोन इंच सोडून मधल्या 40 इंचांत पावणेसहा इंचांच्या अंतराने आठ रिंगा बसवल्या. शिवणीसकट कमी झालेले साडेचार इंच खालच्या दुमडीतून वसूल केले. खाली चार चार इंचांची दुहेरी घडी घातलेली होती, म्हणजे आठ इंच कापड राखीव होते, त्यातले साडेतीन उरले. तेव्हापासून खालची दुमड मी सढळ हाताने ठेवतो आणि पडदा आठवडाभर पाइपवर लोंबकळू दिल्याशिवाय ती शिवत नाही.

नेफ्याबद्दल थोडे लिहिले पाहिजे, कारण हल्ली त्याला उगाच जुनाट ठरवले जाते. आईच्या वेळी घरात दुसरा प्रकारच नव्हता. परकराला असतो तसाच नेफा शिवायचा, त्यातून प्लॅस्टिकचे आवरण असलेली स्प्रिंगची तार ओवायची आणि खिडकीच्या चौकटीला मारलेल्या दोन खिळ्यांत तिची टोके अडकवायची, की खिडकीचा खालचा अर्धा भाग झाकणारा पडदा तयार. स्वयंपाकघराच्या खिडकीला मी आजही तेच केले. तिथला पडदा कोणी सरकवत नाही, त्याला फोडणीचा वास आणि तेलाचा थर लागतो, तो दर पंधरा दिवसांनी काढून धुवावा लागतो, आणि त्याला हूक, रिंग, बकरम यांपैकी काहीही नसल्यामुळे तो सरळ बादलीत बुडवता येतो. मात्र रोज उघडायच्या खिडकीला नेफा लावू नये. कापड पाइपवर घासत, अडत सरकते, दोन-तीन महिन्यांत ओढून ओढून एका कोपऱ्याची शिवण सुटते, आणि पाइप साध्या लोखंडाचा असेल तर पावसाळ्यात नेफ्याच्या आतून तांबूस गंजाचा पट्टा उमटतो, जो साध्या धुण्याने जात नाही. लांब पाइपला मध्ये आधार द्यावा लागतो, त्या ब्रॅकेटवर तर नेफा थांबतोच.

लूपचा पडदा मी एकच शिवला आणि तो मला फारसा आवडला नाही. दिसतो छान, कापडही कमी खातो, पण दोन लूपच्या मधल्या फटीतून सकाळचे ऊन बरोबर उशीवर येते.

दिवाणखान्यासाठी अमेरिकन प्लेट निवडली ती आधी हौस म्हणून आणि नंतर जिद्द म्हणून. या प्रकारात कात्रीपेक्षा कागद-पेन्सिलीचे काम जास्त आहे. बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला ते मनापासून आवडले. पाइप 80 इंचांचा, म्हणजे एका पडद्याच्या वाट्याला 40 इंच. मध्यभागी दोन्ही पडदे एकमेकांवर थोडे चढावेत म्हणून त्यात 2 इंच वाढवले, तयार रुंदी झाली 42. एका पडद्याला दोन पन्हे जोडले, तर 96 इंचांतून मधल्या शिवणीचा एक आणि कडांचे चार इंच वजा जाऊन 91 उरतात. 91 मधून 42 गेले की 49 इंच प्लेट्समध्ये गडप करायचे. दहा प्लेट्स धरल्या की प्रत्येकीच्या वाट्याला 4.9 इंच येतात, दोन प्लेट्समध्ये चार चार इंच सपाट जागा राहते, अशा नऊ जागांचे 36 इंच आणि दोन्ही टोकांना तीन तीन इंच, बेरीज पुन्हा 42. पडद्याची तयार उंची 66 इंच, खालच्या दुमडीचे 8 आणि वरचे 5 धरून एक तुकडा 79 इंचांचा, असे चार तुकडे म्हणजे 316 इंच. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच इंच आटते. म्हणून साडेआठ मीटर घेतले, की पाच टक्के आटले तरी 318 इंच हाती राहावे. कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच कापले. छापील नक्षीचे कापड असते तर प्रत्येक तुकड्यावर नक्षी जुळवण्यासाठी याहून जास्त लागले असते.

बकरम घेताना मात्र दुकानदाराकडून दोन इंचांचा तुकडा मागून घ्यावा आणि तो घरी पाण्यात चुरगळून पाहावा. स्वस्त बकरमचा ताठपणा नुसत्या खळीचा असतो आणि पहिल्याच धुण्यात प्लेट्स मान टाकतात. मी हे आधी केले होते, एवढे एक शहाणपण माझ्या खात्यावर जमा करायला हरकत नाही.

प्लेट घालण्याची कृती वर्णनापेक्षा हातांना लवकर समजते. खुणेला खूण जुळवून 4.9 इंचांचा फुगवटा उभा धरायचा आणि वरपासून बकरमच्या खालच्या कडेपर्यंत एक सरळ टीप मारायची. मग फुगवट्याचा मध्य अंगठ्याने आत, शिवणीपर्यंत दाबायचा, की दोन्ही बाजूंना दोन पाकळ्या फुगतात. मध्यभाग पुन्हा थोडा बाहेर ओढून घेतला की तीन सारख्या चुण्या बोटांत येतात. मला ते काही केल्या जमेना. तीनऐवजी एक जाड आणि दोन केविलवाण्या चुण्या होत. पत्नी काही वेळ बघत होती, मग तिने ते कापड माझ्या हातातून घेतले आणि साडीच्या निऱ्या घालाव्यात तशा बोटांवर बोटे फिरवत पाच सेकंदांत प्लेट घालून दिली. चाळीस वर्षे रोज सकाळी निऱ्या घालणारे हात ते. पुढची व्यवस्था अशी ठरली की चुण्या तिने घालायच्या आणि टाके मी घालायचे. ते टाके हातानेच घालावे लागतात, कारण तीन चुण्यांचे सहा थर, प्रत्येक थरात दोन पदर कापड आणि एक बकरम, इतक्या जाडीत आईच्या मशीनची सोळा नंबरची सुईसुद्धा तडकन मोडली. जाड दोरा दुहेरी घेऊन, प्लेटच्या तळाशी, बकरमच्या अगदी शेवटच्या कडेवर चार टाके आणि गाठ. वीस प्लेट्सना दोन दुपारी आणि अंगठ्याला एक चिकटपट्टी लागली.

मागे स्टेनलेस स्टीलचे टोचायचे हूक लावले आहेत, ते धुताना काढता येतात. खिडकीच्या पडद्याची खालची कड फरशीपर्यंत पोहोचत नाही, पण बाल्कनीच्या दाराला पडदा केला तर ती जमिनीपासून निदान पाऊण इंच वर ठेवावी लागेल, कारण आमच्याकडे फरशी रोज पुसली जाते.

पडदे टांगल्यावर पहिल्या दिवशी ते वरून शिस्तीत आणि खालून विस्कटलेले दिसत होते. प्रत्येक प्लेटची घडी खालपर्यंत हाताने सरळ करत नेली, पडदा गोळा केला आणि तीन ठिकाणी जुन्या साडीच्या चिंध्यांनी सैलसर बांधून ठेवला. तीन दिवस दिवाणखान्यात ती दोन बांधलेली गाठोडी उभी होती आणि येणारा प्रत्येक जण काय झाले म्हणून विचारत होता. चौथ्या दिवशी चिंध्या सोडल्या, तेव्हा घड्या माथ्यापासून तळापर्यंत सरळ उतरल्या होत्या. बाल्कनीच्या दारासाठी पत्नीला रिंगा हव्या आहेत आणि मला छताला ट्रॅक लावून प्लेट्स हव्या आहेत. निर्णय झालेला नाही, म्हणून कापडही आणलेले नाही.