फ्लॅट विकायच्या आधी भिंतींचं काम: माझा अनुभव

आईबाबांचा डोंबिवलीचा फ्लॅट विकायला काढला तेव्हा एजंट घर बघून गेला आणि म्हणाला, मॅडम एक हात पांढरा मारून घ्या, चकाचक दिसेल, पार्टी आली की टोकन. मला ते पटलंच नाही. मागच्या बेडरूमची भिंत खालून फुगलेली, हात लावला की पोपडे गळायचे आणि आत पांढरी पावडर, म्हणजे लोणा लागलेला. त्याच्यावर नुसता रंग मारला तर पहिल्या पावसाळ्यात पुन्हा पोपडे, आणि घेणारा माणूस वीस वीस वर्षांचं कर्ज काढून घर घेतो, त्याच्यापासून हे झाकून ठेवणं मला जमणार नव्हतं. म्हणून आधी ओल, मग रंग असं ठरवलं.

ओल कुठून येते हे शोधणंच खरं काम आहे. भिंतीचा एक तुकडा खरवडून त्यावर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवला आणि दुसऱ्या दिवशी बघितलं, तर कागदाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब. आतल्या बाजूला थेंब म्हणजे पाणी भिंतीतून येतंय, बाहेरच्या बाजूला असते तर खोलीतल्या दमट हवेचे. भिंतीच्या पलीकडे आमचंच बाथरूम, टाइल्सचे सांधे उघडे पडलेले आणि न्हाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या, कडेने पाणी मुरत होतं. प्लंबरकडून ट्रॅप नीट बसवून घेतला, सांध्यांमध्ये इपॉक्सी ग्राउट भरलं, मग बेडरूमकडचं कुजकं प्लास्टर विटेपर्यंत फोडून वॉटरप्रूफिंगचं केमिकल घालून नवीन केलं. नवीन प्लास्टर साधारण 28 दिवस सुकू द्यावं लागतं आणि इथेच सगळ्यांचा धीर सुटतो, एजंटचे रोज फोन, पण मी थांबले. हॉलच्या खिडकीवरचा डाग बाहेरच्या भिंतीच्या भेगेमुळे होता, बाहेरची भिंत ही सोसायटीची जबाबदारी, म्हणून सेक्रेटरी काकांना लेखी पत्र दिलं आणि बाहेरून भेग भरून घेतली. वरच्या मजल्याच्या बाथरूममधून गळत असेल तर मात्र ते वरच्या मेंबरचं काम, तिथे सोसायटी बहुतेक हात वर करते, त्यामुळे आधी वर जाऊन गोडीत बोलावं.

किचन आणि देवघराची भिंत वेगळं प्रकरण. फोडणीचे तेलकट थर आणि समईची काजळी यांच्यावर पाण्याचा रंग धरत नाही, डाग वर येतातच. आधी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासून, स्वच्छ पाण्याने पुसून सुकवलं आणि काजळीच्या जागी ऑइल प्रायमर लावून घेतला. बेडला टेकून बसल्यामुळे डोक्याच्या तेलाचा जो डाग पडतो त्यालाही हेच.

हॉलमध्ये एक मरून टेक्श्चरची भिंत होती, बाबांनी हौसेने केलेली, पण खोली अंधारी वाटायची. ती घासून सपाट करायला पेंटरचा सगळ्यात जास्त वेळ गेला. खिळ्यांची आणि रावळ प्लगची भोकं भरून मग लांबीचे, म्हणजे पुट्टीचे, दोन हात, पहिला नीट सुकल्यावरच दुसरा, मग पॉलिश पेपर. पेंटरच्या मागे लागून एक गोष्ट करून घेतली आणि ती प्रत्येकाने करावी असं मला मनापासून वाटतं, रात्री बल्ब भिंतीला अगदी जवळून तिरका धरायचा, सगळे खड्डे आणि पट्टीचे ओरखडे लगेच दिसतात, तिथे पेन्सिलने खूण करायची. दिवसा ती भिंत एकदम गुळगुळीत वाटते पण बरेच लोक ऑफिसवरून येऊन संध्याकाळी लाइटमध्ये घर बघतात, तेव्हा सगळं उघडं पडतं.

रंग सगळीकडे एकच ऑफ व्हाइट, छत पांढरं. पूर्ण पांढरा ट्यूबलाइटखाली दवाखान्यासारखा दिसतो म्हणून नको म्हटलं. एकच रंग असला की लहान घर तुटक वाटत नाही. चकाकीवाला महाग रंग पेंटर सुचवत होता, पण चकाकीत जुन्या भिंतीचा प्रत्येक उंचवटा दिसतो, त्यामुळे साधं मॅट इमल्शन घेतलं. वॉलपेपर, फॉल्स सीलिंग यावर एक रुपया घातला नाही, घेणारा ते आपल्या आवडीने करतोच. उलट पिवळी पडलेली स्विचबोर्डची बटणं बदलली, खर्च किरकोळ आणि फरक खूप दिसतो. रंगाआधी बोर्डच्या प्लेट काढायला सांगा, नाहीतर कडेला रंगाचे फराटे येतात आणि काम घाईत उरकल्यासारखं दिसतं.

लोक घर बघायला आले की रंगाचं कौतुक फार कोणी करत नाही, ते सरळ बाथरूमच्या मागची भिंत गाठतात, हात लावतात, टकटक करतात, कपाटाच्या मागे डोकावतात. कपाटं मी आधीच भिंतीपासून लांब करून ठेवली होती. ज्यांनी घर घेतलं ते दादा आपला मिस्त्री घेऊन आले, त्याने बेडरूमची भिंत ठोकून बघितली आणि इथे नवीन प्लास्टर आहे का विचारलं. मी विटा उघड्या असतानाचे फोटो आणि प्लंबरचं बिल दोन्ही दाखवलं. घासाघीस झाली, ती मजल्यावरून आणि पार्किंगवरून झाली, भिंतींच्या नावाने एक रुपयाही कोणी कमी करायला सांगितला नाही.