तुम्ही विचारलंत म्हणून: फौजेमागे कंपनी होती हे कशावरून?

कुठे परकी फौज उतरली की 'हे सगळं कंपन्यांसाठी' अशी चर्चा सुरू होते. ते खरं कशावरून मानायचं, असं तुम्ही नेहमी विचारता. भाषणं बाजूला ठेवा आणि कागद तारखेनुसार लावा. फौजेआधी कोणाचे पैसे अडकले होते? ताबा घेतल्यावर कुठला कायदा बदलला? फौज परतल्यावर काय मागे राहिलं?

कॅरिबियन समुद्रातला हैती हा देश घ्या. 1910मध्ये न्यूयॉर्कच्या नॅशनल सिटी बँकेने हैतीच्या राष्ट्रीय बँकेत हिस्सा घेतला. सरकारी खजिना याच बँकेत. डिसेंबर 1914मध्ये अमेरिकन मरीन सैनिकांनी भरदिवसा तिथलं पाच लाख डॉलरचं सोनं उचललं, युद्धनौकेवर चढवलं आणि न्यूयॉर्कला पोचवलं. पुढच्या जुलैत राष्ट्राध्यक्ष साम यांना जमावाने ठार मारलं आणि मरीन उतरले. कारण दिलं अराजकाचं. सोनं त्या हत्येच्या सात महिने आधीच गेलेलं!

मग जकात आणि तिजोरी अमेरिकनांच्या हातात आली. परक्यांना जमीन घेता येणार नाही, हा तिथला स्वातंत्र्यापासूनचा नियम. तो काढणारी राज्यघटना संसद मंजूर करेना, तेव्हा 1917मध्ये संसदच बरखास्त झाली आणि 1918मध्ये मरीनच्या देखरेखीखाली सार्वमत घेऊन काम उरकलं. फौज 1934मध्ये परतली. आर्थिक देखरेख 1947पर्यंत.

गल्लत होते ती फायदा आणि हेतू एकच धरल्याने. हैतीतही जर्मनांचा धसका आणि पनामा कालव्याकडे जाणारा सागरी मार्ग ही कारणं होतीच. इराकचं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं. 2003मध्ये इराक ताब्यात घेतल्यावर अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या प्रशासनाने सप्टेंबरमध्ये काढलेल्या आदेश क्रमांक 39ने परदेशी कंपन्यांना तिथे शंभर टक्के मालकीची मुभा दिली, पण तेल उत्खनन त्यातून वगळलं. 2009च्या लिलावात रुमैला या तेलक्षेत्राचं काम गेलं ब्रिटनच्या बीपी या तेल कंपनीकडे आणि चीनच्या सीएनपीसी या सरकारी तेल कंपनीकडे, वाढीव उत्पादनाच्या दर पिंपामागे दोन डॉलर मोबदल्यावर. तेल इराकचंच राहिलं. चीनने तर युद्धात फौजही पाठवली नव्हती. 'तेल लुटायला गेले' हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. आदेश 39चं मात्र समर्थन करणं अवघड, कारण व्यापलेल्या देशाचे कायदे अगदीच नाइलाज असल्याशिवाय बदलू नयेत, असं युद्धाबद्दलच्या 1907च्या आंतरराष्ट्रीय हेग नियमांचं कलम 43 सांगतं.