धागा ओढू नको

मे महिन्यात सोलापूरची दुपार पंख्याखाली निपचित पडून काढायची असते. त्या दुपारी मी लॅपटॉपची साफसफाई काढली. उबुंटूत, म्हणजे त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, दोन पायथन दिसले; पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा. घरात दोन मिक्सर झाले की जुना माळ्यावर जातो, त्याच हिशोबानं टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, लिहिलं, ‘सुडो ॲप्ट रिमूव्ह पायथन३’. ॲप्ट म्हणजे प्रोग्राम बसवणारं-काढणारं अवजार; त्याला सांगितलं, पायथन३ काढ. नावांची लांबलचक यादी आली: एवढं सगळं निघेल, चालेल का? विम्याचा फॉर्म जितक्या मन लावून वाचतो तितक्याच मन लावून ती वाचली आणि ‘वाय’ दाबलं.

चादरींच्या गावात वाढलोय, निदान मला तरी कळायला हवं होतं. काठाला लोंबणारा धागा ओढायला गेलो की आजी हातावर चापट मारायची. “ओढू नको, काप.” उबुंटूची कितीतरी अवजारं पायथनवर उभी असतात. तो गेला की त्याच्यावर टेकलेलं सगळंच जातं, अगदी टर्मिनलची खिडकीसुद्धा. लॅपटॉप पुन्हा चालू केला, तर काळा पडदा आणि लॉगिन मागणारी एक ओळ.

आईनं विचारलं, “काय झालं रे?”

“मगाशी लाईट गेली ना, त्यानं.”

मित्राला फोन लावला. तो म्हणाला, “रडतो काय बे, लॉग बघ की आधी.”

व्हार नावाचं फोल्डर, त्यात लॉग, त्यात ॲप्ट, आणि तिथं हिस्ट्री डॉट लॉग नावाची फाइल. काय आलं, काय गेलं, किती वाजता, कुठल्या आज्ञेनं, सगळी नोंद. जुन्या महिन्यांच्या फायलीसुद्धा घडी घालून शेजारी ठेवलेल्या. कुकर कोण घेऊन गेलं, कधी परत आला, हे लिहायची आईची एक वही आहे, हुबेहूब तीच.

‘रिमूव्ह’पुढे गेलेली सगळी मंडळी स्वल्पविराम देऊन उभी होती. फक्त प्रत्येकाच्या मागे एएमडी६४ या प्रोसेसरच्या प्रकाराचं शेपूट आणि कंसात आवृत्तीचा आकडा. सेड नावाच्या छोट्या आज्ञेनं ती शेपटं छाटली, वायफाय गेलेलं म्हणून फोन केबलनं जोडून नेट घेतलं आणि उरलेली नावं ‘ॲप्ट इन्स्टॉल’पुढे ओतली. मी ‘पर्ज’ न लिहिता ‘रिमूव्ह’ लिहिलं होतं, हे नशीबच. पर्जनं ईटीसी फोल्डरमधल्या सेटिंगच्या फायलीही पुसल्या असत्या. रिमूव्ह त्यांना हात लावत नाही. माझं होम फोल्डर तर जागचं हललंही नव्हतं. चहा होईपर्यंत निम्मं उतरलं होतं.

कप ठेवायला आलेली आई पडद्याकडे वाकली. नोंदीत एक ओळ मी मुद्दामच वाचली नव्हती: ‘रिक्वेस्टेड-बाय’. तिनं चष्मा वर सरकवला.

“इथं तर तुझंच नाव दिसतंय की. लाईटचं कुठं आहे?”