चुंबकी मोटर: पत्रा, कॅम आणि जोराचा हिशोब

विजेशिवाय नुसत्या चुंबकांवर फिरते म्हणतात, तसल्या मोटरचा नमुना करून बघतोय. तिचा रोटर, म्हणजे फिरणारं चाक, आता मोकळा फिरतोय. स्टीलची बेअरिंगं काढून पितळी बुश (शाफ्टभोवतीच्या साध्या नळ्या) बसवले. स्टीलच्या गोळ्या चुंबकाच्या इतक्या जवळ होत्या की चाक नक्की कशाने अडखळतंय तेच कळत नव्हतं. बुश मालवण बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका लेथवाल्याने कातून दिले. "लायटीचा बिल बंद होतला मां?" हा त्याचा पहिला प्रश्न.

नाही होणार. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास पाऱ्याचं आपोआप फिरणारं चाक लिहून ठेवलं, आणि 1775 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने असले प्रस्ताव तपासायचंच सोडून दिलं. त्या रांगेत मला नंबर लावायचा नाही. दांड्या आणि कॅम (फिरता फिरता दांडी रेटणारी उंचवट्याची चकती) वापरून जोर लागायची जागा किती मागेपुढे सरकवता येते, एवढंच बघायचंय.

रोटर आणि स्टेटरचे (न फिरणाऱ्या भागाचे) सारखे ध्रुव समोरासमोर, मध्ये मऊ लोखंडाचा 3 मिमी पत्रा. रोटरचं चुंबक जवळ येताना पत्रा आत असतो, त्यामुळे ते मागे ढकललं जाण्याऐवजी पत्र्याकडे खेचलं जातं. समोर आलं की कॅमवरचा रोलर एल आकाराच्या भुजेला रेटतो, भुजा पत्रा बाहेर ओढते आणि चुंबकं एकमेकांना ढकलतात. असल्या मोटरींच्या व्हिडिओत हे सगळं झोकात दिसतं; पत्रा ओढणारा हात तेवढा चौकटीबाहेर असतो.

म्हणून तो हातच मोजला. कॅम सोडवून पत्र्याला ताणकाटा अडकवला आणि दर 2 मिमीला आकडा लिहिला. रोटरचं माप कप्पीवर दोरी गुंडाळून घेतलं. आलेखाखालचं क्षेत्रफळ काढलं तर रोटरकडून मिळाले 0.21 ज्यूल, पत्र्याने खाल्ले 0.24. पत्रा परत आत जाताना स्टेटर तो स्वतःच ओढून घेतो, तो फायदा वजा करूनच हा आकडा. फरक गेला घर्षणात आणि लोखंडाच्या हिस्टेरेसिसमध्ये, म्हणजे लोखंडाचं चुंबकत्व चढता-उतरताना वाया जाणाऱ्या ऊर्जेत. बरोबर जिथे जायला हवा तिथेच.

खरी मजा स्प्रिंगने आणली. पत्रा आत जाताना भुजेवरची स्प्रिंग ताणली जाते आणि बाहेर काढताना तीच हात देते. सुरुवातीचा झटका 3.2 किलोवरून किलोच्या आत आला. एकूण कामात रतीभर बचत नाही, पण कॅमवरचा ओरखडा थांबला आणि चाक एका जागी रुतून बसत नाही.

इथल्या खाऱ्या हवेचं मात्र काही करायला हवं. एका निओडिमियम चकतीच्या कडेचा निकेलचा टवका उडाला होता. तिथे मुलामा फुगलाय आणि नखाने खरवडलं की करडी भुकटी निघते. उरलेल्या चकत्यांना इपॉक्सीचे दोन हात दिले.

आता कॅमच्या जागी 12 व्होल्टचा सोलेनॉइड (वीज दिली की दांडा ओढणारी तारेची गुंडाळी) लावतोय. स्प्रिंगमुळे तो लहान चालेल. आत जाणारे वॅट आणि शाफ्टवर दोरीच्या ब्रेकने मोजलेले वॅट, दोन्ही आकडे शेजारी-शेजारी टाकेन. कोणी मऊ लोखंडाऐवजी ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या वापरून पाहिल्या असतील तर जाडी किती घेतली ते सांगा.